ताई, पाटी आमची चुकली, तेल बनावट नाहीये

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पहिलं काम केलं ते काउंटरमागची ती पाटी काढायचं. तुम्ही २ स्टार दिलेत, लिहिलंय की 'हार्टसाठी बेस्ट, कोलेस्टेरॉल कमी करतं, तळणाला उत्तम' असं वाचून ४९० रुपयांना अर्धा लिटर ग्रेपसीड ऑइल, म्हणजे द्राक्षाच्या बियांचं तेल, घेतलं, दोनदा बटाटेवडे तळले, तिसऱ्यांदा त्याच तेलात पुऱ्या टाकल्या तर रंगाच्या डब्यासारखा वास आला, कढईला चिकट थर बसला, द्राक्षाचा वास तर कुठेच नाही, म्हणजे भेसळ. आणि नाशिक-सांगली इतकी जवळ असताना एवढा भाव म्हणजे लूट.

भेसळ नाहीये, एवढं मी खात्रीने सांगते. पण बाकी जे झालं त्यात चूक तुमची नाही, आमची आहे. ती पाटी डिस्ट्रिब्युटरच्या माणसाने आणून दिली होती आणि मी न वाचता लावली. फूड सेफ्टीच्या नियमांत खाद्यतेलाच्या पॅकवर 'कोलेस्टेरॉल फायटर', 'सूदिंग टू हार्ट' असले शब्द लिहायलाच बंदी आहे, मग ते पॅकवर चालत नाहीत तर माझ्या भिंतीवर तरी का असावेत. त्यात त्या दिवशी पुतण्या काउंटरवर होता, त्याने 'सगळ्याला चालतं' सांगितलं. ते चुकलं.

आता वासाचं. हे तेल साधारण ७० टक्के लिनोलेइक अॅसिड असतं, म्हणजे ओमेगा ६ प्रकारची चरबी. असं तेल एकदा गरम केलं की ठीक, पण पुन्हा पुन्हा तापवलं की हवेशी संयोग होऊन बिघडतं आणि चिकट होत जातं. ऑइल पेंटमध्ये जवसाचं, करडईचं तेल वापरतात ते याच गुणामुळे, ते हवेत सुकतं आणि थर धरतं. तुमच्या नाकाने अगदी बरोबर ओळखलं ताई! लोक फक्त स्मोक पॉइंट, म्हणजे तेलातून धूर निघायला लागतो ते तापमान, बघतात, रिफाइंड ग्रेपसीडचा २१५ डिग्रीच्या आसपास आहे आणि वडे १७०-१८० ला तळले जातात, म्हणून वाटतं की चालेल. पण धूर कधी निघतो आणि तेल किती वेळा तापवलं तर टिकतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळणाला शेंगदाण्याचं तेल जास्त टिकतं कारण त्यात लिनोलेइक ३० टक्क्यांच्या आसपासच असतं आणि हवेने लवकर न बिघडणारं ओलेइक अॅसिड जास्त. तेसुद्धा गॅस मोठा ठेवून धूर निघेपर्यंत तापवू नका, आणि उरलेलं तळणीचं तेल कुठलंही असो, चार-चार वेळा वापरू नका.

द्राक्षाचा वास नाही कारण तेल बीचं आहे, गराचं नाही. रिफाइंड असलं की जवळजवळ काहीच वास-चव उरत नाही आणि तेच त्याचं खरं काम आहे. मी घरी ते कोशिंबिरीवरच्या हलक्या फोडणीला, सॅलडला, केकला आणि नातवाच्या मेयोनीजला वापरते, तिथे शेंगदाण्याचा किंवा तिळाचा वास नको असतो. भाज्या पटकन परतायलाही छान. पुन्हा वापरायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

भावाचं म्हणाल तर तासगावची, नाशिकची आपण खातो ती थॉम्पसन, सोनाका, तास-ए-गणेश ही द्राक्षं बिनबियांची. बेदाणाही त्याचाच. बीच नाही तर तेल कुठून येणार! बी मिळतं वाइनच्या द्राक्षांतून, रस काढल्यावर जो चोथा राहतो त्यातून वेगळं करायचं, लगेच वाळवायचं नाहीतर बुरशी धरते, आणि एवढं करून १०० किलो सुक्या बियांतून तेल निघतं १० ते १५ किलो. शेंगदाण्यातून ४० च्या वर निघतं. आमच्या लाकडी घाण्यावर ते कडक बी नीट दळलंही जात नाही, त्यामुळे आम्ही इटलीचं तेल विकतो, घाण्याचं नाही. दुकानाच्या बोर्डावर 'लाकडी घाणा' आहे म्हणून तुमचा तसा समज झाला, आता बाटल्यांच्या फळीवर 'आयात केलेलं, घाण्याचं नाही' असं स्पष्ट लिहिलंय.

तब्येतीचं, जे मला स्वतःला कळतं तेवढं सांगते. यात व्हिटॅमिन ई खरंच चांगलं असतं, १०० ग्रॅमला २८-२९ मिलिग्रॅम. डालडा, पामतेल, भरपूर तूप याच्या जागी असं तेल आलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी व्हायला मदत होते, पण चालू आहे ते तसंच ठेवून वरून २ चमचे घेतले तर फक्त कॅलरी वाढतात, एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास. द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल नावाचं अँटीऑक्सिडंट म्हणून ज्याची जाहिरात होते ते या तेलात नावापुरतंच असतं आणि बियांतले बरेचसे अँटीऑक्सिडंट पेंडीत राहतात. ओमेगा ३ जवळपास नाहीच, त्यासाठी आपली जवसाची चटणी कितीतरी बरी.

आणि आता जे सांगतेय ते खरं म्हणजे मी आधीच सांगायला हवं होतं. करडईच्या तेलाची घडण जवळजवळ अशीच आहे, लिनोलेइक ७५ टक्क्यांच्या आसपास, व्हिटॅमिन ईही तसंच. माझ्या सासूबाई सोलापूरच्या, त्यांच्या घरी करडईशिवाय दुसरं तेल माहीत नव्हतं, ज्वारीच्या भाकरीवर कच्चं तेल आणि चटणी. ते आमच्याच घाण्यावर निघतं आणि याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं. ग्रेपसीडच्या फायद्यासाठी ४९० रुपये मोजायची गरज नव्हती, करडईने काम झालं असतं. फक्त वास नको असेल तेव्हा ग्रेपसीड.

अजून एक, आमच्या बाटल्या दर्शनी काचेजवळ उन्हात होत्या. हे तेल उजेडाने आणि उष्णतेने लवकर खवट होतं, त्यामुळे त्या सगळ्या आत हलवल्या. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट होत नाही, आणि २-३ महिन्यांत संपवा.

ताई, उरलेलं तेल टाकून दिलं असेल तरी चालेल, रिकामी बाटली किंवा बिल आणा, पूर्ण ४९० रुपये परत देते. त्यासाठी रिव्ह्यू बदला असं अजिबात म्हणत नाही, तो आहे तसाच राहू द्या, त्यामुळे बाकीच्यांनाही कळेल. कढई खाण्याचा सोडा टाकून पाणी उकळून घासा, थर निघतो. दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं, संध्याकाळी आलात तर मी स्वतः असते, आणि येताना एक छोटा डबा आणा, थोडं करडईचं तेल देते घरी वापरून बघायला.