‘यू’ म्हणजे ‘तू’ नव्हे

नमस्कार सर,

(सहीच्या जागी तुम्ही ‘एक निवृत्त शिक्षक’ एवढंच लिहिलंय, म्हणून सर.)

तुमचे आक्षेप दोन. इंग्रजी संभाषणावरच्या लेखात मी ‘यू’ला आदरार्थी म्हटलं ते हास्यास्पद, कारण बापाला, साहेबाला आणि कुत्र्याला एकच ‘यू’ लावणाऱ्यांना आदर कसला ठाऊक? आणि ‘प्लीज लावलं की झालं’ हा सल्ला वरवरचा.

दुसरा आक्षेप मुकाट मान्य. दंगा करणाऱ्या पोराला ‘सिट डाउन, प्लीज’ म्हणतात तेव्हा त्यात विनंती औषधालाही नसते. घाईत लिहून गेलो.

पहिला मात्र पटत नाही. इंग्रजीतही तू-तुम्ही होतं. ‘दाऊ’ म्हणजे तू. ‘यू’ मुळात अनेकांसाठी, मग एकट्या मोठ्या माणसासाठीही. सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून हा ‘दाऊ’ गळत गेला. म्हणजे गेला तो तू, उरला तो तुम्ही! खूण अजून शिल्लक आहे: समोर एकटा माणूस असला तरी ‘यू आर’च म्हणायचं, जसं आपण एकट्यालाही ‘तुम्ही आहात’ म्हणतो. तेव्हा इंग्रज कुत्र्यालाही अहो-जाहो करतो, असं म्हणा हवं तर.

आणि हा फरक त्यांना चांगलाच झोंबायचा. 1603 साली वॉल्टर रॅली या नामांकित इंग्रज दर्यावर्दीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्याशी अरे-तुरेवर आला, आणि ‘हो, तुला दाऊच म्हणतोय’ हेही त्याने ठणकावून सांगितलं. पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ‘सगळी माणसं सारखी’ म्हणत श्रीमंत-गरीब सर्वांनाच ‘दाऊ’ म्हणायला सुरुवात केली आणि त्यापायी मारही खाल्ला. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन त्यांच्यातलाच. त्याच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं: बाकी कोणालाही म्हण, पण राजाला, राजाच्या भावाला आणि मला ‘दाऊ’ म्हणायचं नाही. बापाचा मुद्दा तुम्हीच काढलात, म्हणून हे सांगितलं.

गंमत म्हणजे आज ‘दाऊ’ मुख्यतः जुन्या प्रार्थनांमध्ये उरलाय, त्यामुळे खुद्द इंग्रजांनाच तो भारदस्त वाटतो. आपण विठोबाला बिनदिक्कत ‘तू’ म्हणतो, तसाच तो होता, हे आता त्यांच्या कानाला जाणवत नाही.

मग आज आदर दाखवतात कुठे? क्रियापदात. नोकरीच्या सुरुवातीला लंडनच्या एका वरिष्ठ बाईंना मी मेल केली होती: ‘प्लीज सेंड द फाइल टुडे.’ फाइल आली, सोबत एक शब्द नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “अरे, हा हुकूम झाला. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ असं लिही.” त्या बाईंना सगळं ऑफिस पहिल्या नावाने हाक मारायचं, पण काम मागायचं ते भूतकाळात. यात परकं काही नाही. आपणही दारात उभं राहून म्हणतोच ना, ‘तुमच्याकडे जरा काम होतं’? काम अजून व्हायचंच असतं, तरी ‘होतं’.

तुमचं ‘सर’ही तिकडे वेगळं वागतं. किताबाचा ‘सर’ पहिल्या नावाला चिकटतो: सर आयझॅक चालतं, सर न्यूटन नाही. पुढच्या वेळी आडनाव जरूर कळवा. मी आपल्या पद्धतीने त्याच्या मागे सर लावीन.