‘प्रॉक्सी बनवा म्हणून हात झटकले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि काल सकाळी तुमच्या ऑर्डरची सगळी कागदपत्रं काढून बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून बांधून घेतलेल्या एडिटिंग मशीनवर तीन कॅमेऱ्यांचं ४के मल्टिकॅम (तिन्हींचं फूटेज एकाच वेळी चालवून करायचं एडिटिंग) अडकत चालतं. फोन केला तर टेक्निशियनने ‘प्रॉक्सी बनवा’ (म्हणजे एडिटसाठी मूळ फूटेजच्या हलक्या प्रती) एवढं सांगून हात झटकले. रेड बॉक्स (अनेक डिस्क एकत्र चालवणारी पेटी) असताना दोन जादा हार्ड डिस्क गळ्यात मारल्या. आणि मॉनिटरवर दिसणारा रंग क्लायंटच्या फोनवर वेगळाच दिसतो. पहिल्या दोन बाबतींत चूक आमची आहे. तिसऱ्या बाबतीत मात्र मी माझं म्हणणं सोडणार नाही.

आधी मशीन. तुम्ही पाठवलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग मी थांबवत थांबवत पाहिलं. टाइमलाइन सुरू केली की टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो, आणि ग्राफिक्स कार्डाचा ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख तळाशी सपाट पडून राहतो. म्हणजे एवढं मोठं कार्ड बसवलेलं असूनही फूटेज उलगडायच्या कामाला ते हातच लावत नाहीये. सगळा भार एकटा प्रोसेसर ओढतोय.

याचं कारण तुमच्या कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये आहे. तिन्ही कॅमेरे एच.२६५, १०-बिट, ४:२:२ मध्ये रेकॉर्ड करतात. एच.२६५ ही फूटेज दाबून लहान करायची पद्धत; १०-बिट आणि ४:२:२ म्हणजे त्यात रंगाची माहिती जास्त. एच.२६५ च्या अशा फाइलमध्ये पूर्ण चित्र मधूनमधून एकदाच साठवलेलं असतं; मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते. त्यामुळे तुम्ही प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती रेघ) जिथे थांबवता ती एक फ्रेम दाखवायला मशीनला आधीच्या, कधी पुढच्याही, फ्रेम उलगडाव्या लागतात. नुसतं पाहताना ते खपून जातं. एडिटर दिवसभर मागेपुढे जातो, कट मारतो, परत मागे येतो. आणि मल्टिकॅममध्ये हे सगळं एकाच वेळी तीन फाइलवर चाललेलं असतं. त्यात ४:२:२. एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या आधीच्या कार्डांत ४:२:२ फूटेज हार्डवेअरमधून उलगडायची सोयच नव्हती, आणि तुम्हाला दिलेलं कार्ड त्याआधीचं आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स एच.२६५ ४:२:२ उलगडू शकतं. पण आम्ही तुम्हाला नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर दिला, आणि ‘एफ’ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. ‘वेगळं कार्ड आहेच, मग कशाला’ असा विचार करून तो निवडला गेला. तो निर्णय माझा होता.

ही चूक का झाली तेही सांगतो. ऑर्डर घेताना आम्ही सॉफ्टवेअर विचारलं, रिझोल्यूशन विचारलं, इफेक्ट किती वापरता ते विचारलं. कॅमेरा कोणता आणि तो नेमकं काय रेकॉर्ड करतो, हे विचारलंच नाही. ‘४के’ एवढ्यावरून मशीन ठरत नाही. ४के प्रोरेस (कमी दाबलेला, एडिटिंगसाठीचा फॉरमॅट) आणि ४के एच.२६५ यांची मागणी अगदी उलटी असते: प्रोरेसला डिस्कचा वेग लागतो आणि प्रोसेसरला फार कष्ट पडत नाहीत, एच.२६५ ची फाइल लहान, पण उलगडताना मशीनचा घाम काढणारी. आता आमच्याकडे मशीन ठरवण्याआधी ग्राहकाकडून त्याच्या कॅमेऱ्याची कच्ची क्लिप मागवली जाते. हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं.

तुमच्या टेबलाच्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. बाहेरची एसएसडी ज्या लांब पांढऱ्या केबलने जोडली आहे, ती फोन चार्जरची आहे. दोन्ही टोकांना यूएसबी-सी असल्यामुळे ती व्यवस्थित बसते. पण यूएसबी-सी हा फक्त प्लगचा आकार झाला, वेग नव्हे. चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबल डेटासाठी यूएसबी २ च्याच असतात, म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट) आणि प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० मेगाबाइट. तुमची एकेक क्लिप १५० मेगाबिटची. तीन मिळून ४५०, म्हणजे सेकंदाला ५६ मेगाबाइट. ते त्या केबलमधून जाणारच नाही, मशीन कितीही मोठं असलं तरी. आम्ही दिलेली केबल अर्ध्या मीटरची आणि तुमची कॅबिनेट टेबलाखाली. ती पोचत नव्हती म्हणून तुम्ही हाताशी होती ती लावलीत. तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं. मशीन बसवायला आलेल्या आमच्या माणसाने ते पाहायला हवं होतं.

आता प्रॉक्सी. टेक्निशियनने एका वाक्यात सांगून फोन ठेवला, त्याबद्दल मी माफी मागतो. पण सल्ला चुकीचा नव्हता. प्रॉक्सी ही कमजोर मशीनसाठी शोधलेली पळवाट आहे असं तुम्ही लिहिलंत. तसं नाही; मोठ्या स्टुडिओंतसुद्धा ऑफलाइन एडिट, म्हणजे कच्ची जुळणी, हलक्या फाइलवर होतो आणि शेवटी मूळ फूटेज जोडलं जातं. १०८० मध्ये प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला साधारण ३८ मेगाबिट घेते, तासाला सुमारे १७ जीबी. तिच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते, म्हणून प्लेहेड कुठेही नेला तरी चित्र लगेच येतं. तीन कॅमेरेच काय, सहासुद्धा सहज चालतील. रात्री झोपायच्या आधी रांगेत लावा, सकाळी तयार मिळतील.

फक्त काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, ज्या फोनवर सांगायला हव्या होत्या. प्रॉक्सीचं नाव, फ्रेम रेट आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची नोंद) मूळ क्लिपशी जुळायला हवा. ऑडिओ चॅनेलची संख्यासुद्धा. मूळ क्लिपमध्ये चार चॅनेल आणि प्रॉक्सीत दोन असतील तर जोडताना सॉफ्टवेअर नकार देतं, आणि लोक तासभर भलतीकडेच शोधत बसतात. फोकस नीट आहे का हे प्रॉक्सीवर कधीच ठरवू नका. ग्रेडिंग (रंग जुळवणं) आणि नॉइज (चित्रातले दाणे) काढण्याचं काम मूळ फूटेजवरच करा, आणि एक्सपोर्टआधी प्रॉक्सी बंद आहे याची खात्री करा.

दोन जादा डिस्कबद्दल मला मनापासून बोलायचंय. तुमच्या बॉक्समध्ये रेड ५ आहे. त्यातली एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, त्याचा उपयोग तेवढाच. चुकून फोल्डर उडवला तर तो अख्ख्या बॉक्समधून त्याच क्षणी उडतो. व्हायरस, चोरी, विजेचा झटका, यांतलं काहीही रेड थांबवत नाही. मी स्वतः एडिटर असताना असा एक फोल्डर माझ्या हातून गेला आहे. एका वयस्कर कारागिराची पूर्ण दिवसाची मुलाखत होती. कार्ड आदल्या संध्याकाळीच फॉरमॅट करून दुसऱ्या शूटला दिलं होतं. त्यांच्याकडे परत जाऊन तेच प्रश्न विचारले, पण पहिल्या दिवशी ते ज्या मोकळेपणाने बोलले तसं पुन्हा बोलले नाहीत. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी, हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. कॉपीसुद्धा चेकसम जुळवणाऱ्या, म्हणजे प्रत मुळाबरहुकूम आहे का हे तपासणाऱ्या, सॉफ्टवेअरने करा, आणि कार्डावरचं सगळं फोल्डर जसंच्या तसं घ्या. आतल्या फक्त व्हिडिओ फाइल उचलू नका. डिस्क परत करायच्या असतील तर मी घेईन, हिशोबात काही कापणार नाही. पण त्या ठेवाव्यात असंच सांगेन.

रंगाचं थोडक्यात: मॉनिटर रेक. ७०९ (व्हिडिओच्या रंगांचं प्रमाण), गामा २.४ (सावल्या किती गडद दिसतात ते ठरवणारा आकडा) आणि १०० निट्स उजेडावर कॅलिब्रेट करून दिला आहे, आणि हे मोजमाप अंधाऱ्या खोलीसाठीचं आहे. तुमच्या टेबलाशेजारी उघडी खिडकी दिसते, त्यामुळे सावल्या आहेत त्यापेक्षा गडद वाटतात आणि तुम्ही त्या उचलता. पडदा लावा, किंवा गामा २.२ करून घेऊ. क्लायंटच्या फोनचा डिस्प्ले ‘व्हिविड’ मोडवर नाही ना, तेही बघा.

येत्या आठवड्यात आमचा माणूस अंगभूत ग्राफिक्सवाला प्रोसेसर आणि दोन मीटरची १० गिगाबिटची केबल घेऊन येईल. दोन्हींचा खर्च आमचा. तुमच्याच तीन क्लिप टाइमलाइनवर लावून, डीकोडचा आलेख हलतोय हे तुम्ही पाहिल्यावरच तो निघेल. मीही त्या वेळी फोनवर असेन. तोपर्यंत सध्याच्या शूटची कार्डं फॉरमॅट करू नका; त्या बॉक्सशिवाय दुसरी प्रत अजून कुठेच नाही, असं तुम्हीच रिव्ह्यूमध्ये लिहिलं आहे.