पावसातच आंधळा होणारा रिव्हर्स कॅमेरा

डोकं फिरलंय. बाहेर धो धो पाऊस, मागची काच आतून धुरकटलेली, दोन्ही आरशांवर थेंबच थेंब. अशा वेळी रिव्हर्स टाकावा तर स्क्रीनवर नुसता राखाडी गिचका. आणि त्या गिचक्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या रेषा मात्र ठसठशीत! त्या रेषा कॅमेऱ्याला दिसत नसतात, त्या वरून काढलेल्या असतात. मागे खांब आहे की लहान मूल, याच्याशी त्यांचा काहीएक संबंध नाही. कोरड्या दुपारी मान वळवूनही सगळं दिसतं, तेव्हा चित्र कसं लख्ख! खरी गरज पडली की हा गेला.

संताप याचा येतो की हे होणार हे गाडी बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. गाडी धावते तेव्हा तिच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, हवा तिथे गरगरते आणि टायरने उडवलेलं पाणी, माती, रस्त्यावरचं तेल असं सगळं उचलून डिकीवर थापते. म्हणून तर हॅचबॅक आणि एसयूव्हीला मागे वायपर असतो. मग काचेच्या वेळी जे सुचलं, ते तिच्याखालीच बसवलेल्या लेन्सच्या वेळी का सुचू नये? लेन्स शर्टाच्या बटणाएवढी. तिच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबकळला तरी अर्धं चित्र विरघळतं. रात्री तर बघायलाच नको. नंबर प्लेटचा दिवा शेजारीच, त्याचा उजेड थेंबात पसरतो आणि स्क्रीनभर पांढरी झाक.

वर सल्ले ऐका. म्हणे, पाणी न टिकणारं कोटिंग लावा. अहो, पुढच्या काचेवर ते चालतं कारण वेगात समोरचा वारा थेंबांना ढकलून नेतो. मागच्या लेन्सवर असा सरळ वारा येतच नाही, आणि रिव्हर्स घेताना वेग तो किती! थेंब गोल होतो आणि तिथेच बसून राहतो. चिखलाचा थर बसला की कोटिंग असून नसून सारखंच.

म्हणे, उतरून पुसून घ्या. भर पावसात, मागे हॉर्न वाजत असताना? आणि घाईत कोरड्या फडक्याने घासलं तर मातीचे कण लेन्सवर ओरखडे पाडतात, मग ती उन्हाळ्यातही धूसरच. आधी पाणी ओतायचं, मग मऊ ओल्या कापडाने हलकेच टिपायचं, असं सगळं सोपस्कार करून निघावं, तर पुढच्या ट्रकमागे पाच मिनिटं काढली की परत तेच. आणि ओल लेन्सच्या आत शिरली असेल तर कितीही पुसा, काही उपयोग नाही. सील गेलेलं असतं, बहुतेक वेळा अख्खा कॅमेराच बदलावा लागतो.

अमेरिकेत मे 2018 पासून नव्या मोटारींना हा कॅमेरा सक्तीचा आहे. रिव्हर्स टाकल्यावर 2 सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे, गाडीमागचा 10 बाय 20 फुटांचा पट्टा दिसला पाहिजे, इतकं बारकाईने लिहिलंय. पण लेन्स धुण्याची सोय? ती सक्तीची नाही. दोन सेकंदांत गढूळ चित्र आलं काय आणि न आलं काय!

बरं, उपाय नाही असंही नाही. काही गाड्यांत कॅमेरा लोगोमागे दडलेला असतो, रिव्हर्स टाकला की बाहेर येतो. काहींत लेन्सवर पाणी मारणारं छोटं नोझल असतं. म्हणजे जमतं! मागच्या वायपरसाठी पाण्याची नळी डिकीपर्यंत आलेलीच असते. केबिनमध्ये पायाशी निळे-जांभळे दिवे लावायला गाडीभर वायरी ओढता, मग त्याच नळीला एक फाटा काढून वीतभर खाली आणायला काय धाड भरलीय?