घड्याळाच्या बैलाला!

साडेनऊ वाजले होते. माझ्या फोनमध्ये साडेनऊ, बायकोच्या फोनमध्ये साडेनऊ, भाड्याच्या व्हॅनच्या डॅशबोर्डवर साडेनऊ, आणि अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीची जीप टूर दहाची. अर्धा तास आधी पोचलो म्हणून मी कॉलर ताठ करून काउंटरवर गेलो तर ती बाई एकदा माझ्याकडे बघते, एकदा मागे उभ्या असलेल्या माझ्या वरातीकडे बघते आणि मी बुकिंग नंबर सांगायच्या आधीच विचारते, "पेजहून आलात ना?"

तिथेच पोटात गोळा आला. पेज म्हणजे अॅरिझोनातलं गाव, आदल्या रात्री आम्ही तिथेच होतो.

मॉन्युमेंट व्हॅलीत साडेदहा वाजले होते. जीप गेली होती. सहा जणांचे पाचशे चाळीस डॉलर, नो-शो, रिफंड नाही. बाईच्या मागे भिंतीवर घड्याळ आणि त्याखाली चिकटवलेला कागद, जाड पेनाने लिहिलेला, "हीच वेळ बरोबर". त्या कागदाचे कोपरे पार पिवळे पडलेत हो! म्हणजे माझ्यासारखे येडे रोज येतात, वर्षानुवर्षं येतात, आणि तरी ह्या देशात कोणाला वाटत नाही की रस्त्यावर एक पाटी लावावी, बाबांनो इथून पुढे घड्याळ एक तास पुढे करा. पुढे गाईगुरं आडवी येतील ह्याची पाटी आहे. वारा सुटेल ह्याची आहे. तासाची नाही.

बरं, मी काही अडाणी नाही. उन्हाळ्यात ह्या देशात घड्याळ एक तास पुढे करतात, पण अॅरिझोना १९६८ पासून ते बदलत नाही, मला पाठ आहे. युटा बदलतं. नवाहो ह्या इथल्या मूळ रहिवासी लोकांची जमीन अॅरिझोना, युटा आणि न्यू मेक्सिको अशी तीन राज्यांत पसरलेली, म्हणून ते अॅरिझोनात असूनसुद्धा बदलतात, आणि मॉन्युमेंट व्हॅली त्यांचीच. आणि त्या नवाहोंच्या पोटात होपी लोकांची जमीन, ते परत बदलत नाहीत. म्हणजे एका सरळ रस्त्याने निघालात तर गाडीत बसल्या बसल्या तास येतो, जातो, परत येतो. आणि आदल्या दिवशी पेजला अँटिलोप कॅनियन बघितला, तीही नवाहोंचीच जमीन, पण तिथली टूर पेजच्या टाइमने! मग माणसाने समजायचं तरी काय?

अण्णा रेल्वेतून रिटायर झालेत, मनमाडला आयुष्य गेलं. त्यांना मी हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे मनमाडला आणि कलकत्त्याला एकच टाइम." विषय संपला. वर त्यांचं एचएमटीचं घड्याळ अजून भारताच्या वेळेवर, म्हणे नाशिकला ताईला फोन कधी करायचा ते कळतं. त्यात बरोब्बर दहा वाजले होते. रात्रीचे, पण दहा.

मग म्हटलं ठीक आहे, टूर गेली खड्ड्यात, आपली गाडी घालू. आत सतरा मैलांचा कच्चा रस्ता. बायकोने लगेच भाड्याच्या गाडीचा करार उघडला, कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही, नेली तर इन्शुरन्स नाही. सगळ्या ट्रिपभर हिला तो करार दिसला नाही, नेमका तिथे दिसला. आणि एंट्रीचे पैसे वेगळेच द्यावे लागले, कारण हे नॅशनल पार्क नव्हेच, नवाहोंचं स्वतःचं पार्क आहे, नॅशनल पार्कांचा वर्षाचा पास इथे चालत नाही. हे मला माहीत होतं. अण्णांना माहीत नव्हतं. त्यांनी लगेच सगळ्याचे रुपये केले आणि "एवढ्यात अख्खं घर गणपतीपुळ्याला आठवडाभर राहून येतं" हे वाक्य पुढच्या मुक्कामाला, मोआबला, पोचेपर्यंत चार वेळा झालं.

शेवटी कठड्याला टेकून लांबूनच ते दोन मिटन, म्हणजे हातमोज्यासारखे दिसणारे सुळके बघितले. आई म्हणाली, "हे म्हणजे आपली हडबीची शेंडीच की." अण्णा म्हणाले, "ती गाडीतून फुकट दिसते."

ह्या ट्रिपचं पहिल्यापासून असंच चाललंय. झायन नॅशनल पार्कला पोचलो सकाळी नऊला, पार्किंग फुल. नऊला! आतल्या दरीच्या रस्त्यावर आपली गाडी न्यायची नाही, शटल घ्यायची, ती शटल घ्यायला आधी बाहेर गावात पैसे भरून गाडी लावायची, मग गावाच्या शटलने गेटपर्यंत आणि मग दुसऱ्या शटलची लाइन. उन्हात. आईच्या हातात दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी, ती एक मिनिट खाली ठेवायला तयार नाही. पुढच्या पार्कला, ब्राइसला, मोटेलमध्ये वरणाला फोडणी दिली तर स्मोक अलार्म वाजला, आणि धाकटा उशी घेऊन पंधरा मिनिटं वारा घालतोय.

दोन वर्षांपूर्वी यलोस्टोनला गेलो होतो तेव्हाचंही सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. तिथला ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने उडतो. एक तास वीस मिनिटं बाकावर बसलो. मग आईला रेस्टरूमला जायचं होतं, तिच्याबरोबर बायको गेली, आणि तो उडाला. पुढचा दीड तास मी कसा काढला ते माझं मला माहीत.

आणि ते लोक! "आम्ही पाच दिवसांत सात पार्क केले" म्हणणारे. केले म्हणजे? धुणं आहे का? असाच एक जण ग्रुपवर म्हणाला होता, "अरे सोपंय रे, काही प्लॅनिंग लागत नाही." त्याच्यावर चिडून मी चौदा रकान्यांची एक्सेल शीट केली. रंगीत.

आता खरं सांगतो, नाहीतर बायको सांगेलच. फोन आपोआप वेळ बदलतात. पेजमध्ये फोन कधी युटाचा टॉवर पकडतो आणि वेळ एक तास उड्या मारते, म्हणून आदल्या रात्री मीच, ह्याच हातांनी, सगळ्यांचे फोन ऑटोमॅटिकवरून काढून फिनिक्सच्या, म्हणजे अॅरिझोनाच्या, वेळेवर लावले. डोकं लढवलं ना. फक्त मुलीने तिचा फोन दिला नव्हता. वाटेतल्या केयेंटा गावाच्या अलीकडे ती मागून म्हणाली, "बाबा, माझ्या फोनमध्ये वेगळाच टाइम येतोय." त्यावर मी म्हणालो, "आधी तो फोन खाली ठेव आणि जरा बाहेर बघ."

ती हे जन्मभर विसरणार नाही. आणि बुकिंगच्या ईमेलमध्ये तिसऱ्या ओळीत, ठळक अक्षरात, सगळ्या वेळा नवाहो टाइमप्रमाणे असं लिहिलंय. मी ते एक्सेलमध्ये कॉपी केलं होतं. रकाना अकरा.

पुढे मोआबच्या वाटेवर, फोटोंसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या सरळसोट रस्त्यावर लोक नेहमीसारखे मधोमध उभे राहून फोटो काढत होते, मागून ट्रक येतोय त्याची शुद्ध नाही. मला ह्या लोकांचा भयंकर राग आहे. आमचाही फोटो आहे तिथला. सगळे हसतायत, मी मनगटाकडे बघतोय.

आत्ता मोआबच्या मोटेलमध्ये आहोत. उद्या आर्चेस नॅशनल पार्क, पहाटे निघायचंय. अलार्म पाचचा. कुठले पाच, ते मुलगी ठरवणार आहे, माझा फोन तिने काढून घेतलाय. हे मी बायकोच्या फोनवरून लिहितोय आणि त्यात अजूनही फिनिक्सचाच टाइम दिसतोय, पण आता मी हात लावणार नाही.