बाहेरचं मांजर घरात टिकत नाही म्हणे!

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: रस्त्यावरचं मांजर घरात कसं आणावं. पार्किंगमधली भिजलेली मांजरं बघून कुणाला तरी कळवळा येतो, त्यातल्या सूचना तंतोतंत पाळल्या जातात आणि पंधरा दिवसांत मांजर पुन्हा गाडीखाली. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, सूचना मात्र बहुतेक चुकीच्या. माझं भांडवल म्हणजे ठकी. काही वर्षं आमच्याच इमारतीखाली काढून वर आलेली, आत्ता माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर झोपलेली.

‘मोठं मांजर घरात टिकत नाही.’ अर्धं खरं आहे. पिल्लू माणसाशी सहज जुळतं ते साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तेव्हा माणसाचा हातच लागला नसेल, तर पुढे त्याला घरात कोंडणं म्हणजे छळ. त्याची नसबंदी करावी, लस द्यावी आणि त्याच्या जागी खाऊपिऊ घालावं. पण वॉचमनच्या खुर्चीखाली झोपणारं, शेपटी उभी करून पायांत घोटाळणारं मांजर माणसाळलेलंच असतं. त्याला माणूस नवा नाही, चार भिंती नव्या आहेत.

‘आणल्या आणल्या सगळं घर फिरवून दाखवा. लपलं तर ओढून काढा, नाहीतर भित्रं होतं.’ सगळं बिघडतं ते इथे. पिल्लांना सात घरं फिरवणारी ही जात, जागा पारखल्याशिवाय बूड टेकत नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्यानं आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोकं दिलं, ९ जणांना नाही. खोकं मिळालेल्यांचा ताण लवकर उतरला. हा अभ्यास २०१४ सालचा, आणि खोकं तर किराणावाला फुकट देतो.

ठकीला आम्ही मागची छोटी खोली दिली. आडवं खोकं, आत माझा जुना सुती गाऊन. एका कोपऱ्यात खाणं-पाणी, पार दुसऱ्या टोकाला शी-शूसाठी माती भरलेला ट्रे. पाच दिवस मला फक्त दोन डोळे दिसले. सकाळी वाटी रिकामी असायची, हाच काय तो जिवंतपणाचा पुरावा. मी रोज तासभर तिथे जमिनीवर बसून भाजी निवडायचे, तिच्याकडे न बघता. टक लावून बघणं मांजराला दम दिल्यासारखं वाटतं. बाराव्या दिवशी तिनं बाहेर येऊन मेथीची जुडी हुंगली. मग खोलीचं दार उघडं ठेवलं. उरलेलं घर तिनं एकटीनं पाहिलं, आम्ही झोपल्यावर. मजकुरात ‘चार दिवसांत रुळलं नाही तर सोडून द्या’ असंही आहे. त्या हिशेबानं ठकी आज खालीच असती.

‘दूध-पोळीवर मजेत राहतं.’ नाही राहत. अंगावरचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचेनाशी होते. जुलाब होतात, आणि मग पुढचा मुद्दा येतो, ‘घरात घाण करतं’! शिवाय मांस-मासळीतून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य कमी पडलं तर डोळे जातात, हृदय निकामी होतं. घर शाकाहारी असेल तर निदान मांजराच्या तयार खाण्याची पाकिटं आणा.

‘घाण केली तर त्यात नाक घासा, फरशी फिनेलनं पुसा.’ नाक घासल्यावर मांजर एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. पुढच्या वेळी सोफ्यामागे. फिनेल तर घातकच. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्यात मांजराचं यकृत फार कमी पडतं, आणि ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतंच. साबणाचं पाणी पुरतं. बाहेरच्या मांजराला माती कळते, दुकानातले खडे कळत नाहीत. म्हणून ठकीच्या ट्रेमध्ये आधी कुंडीतली माती होती; दर दोन-तीन दिवसांनी मूठ-मूठ खडे मिसळत गेलो.

‘नसबंदीआधी एकदा पिल्लं होऊ द्या, मग मांजर शांत होतं.’ याला काहीही आधार नाही. मादी चार-पाच महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत विते. रात्रभर दाराशी चाललेला तो आक्रोश पुष्कळदा स्वातंत्र्याची ओढ नसून माज असतो.

‘दार उघडं ठेवा, जीव लागला असेल तर परत येईल.’ दुसऱ्या महिन्यात, मी कचरा न्यायला आलेल्या मावशींशी बोलत असताना ठकी निसटली. तीन मजले उतरून जुन्या गाडीखाली जाऊन बसली. अर्ध्या तासानं पाऊस आला आणि बाईसाहेब आमच्या पायपुसण्यावर अंग चाटत हजर. हे त्या मजकुराच्या खात्यावर जमा करू नका. जिना तिच्या ओळखीचा होता. दुसऱ्या वस्तीतून आणलेलं मांजर जुन्या जागेच्या शोधात निघतं आणि वाटेत रस्ते असतात. आता बेल वाजली की मी आधी ठकी कुठे आहे ते बघते, मग कडी काढते.