माळ, थेंब आणि चटणीचा डबा

व्हिडिओतली मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे इवल्याशा गोष्टींचे अगदी जवळून काढलेले फोटो, फार शांत असते. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यावर तेलाचे चार थेंब, खालून रंगीत उजेड. लगेच पडद्यावर जांभळे-केशरी ग्रह तरंगायला लागतात. तो व्हिडिओ करणाऱ्याला आई नसते, शेजार नसतो, आणि त्याचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तर अजिबात नसतं.

आमचं आहे. माडीवर फळ्यांची जमीन. जिन्यावर कुणी पाय ठेवला की कपाटातल्या कपबश्या किणकिणून वर्दी देतात. आणि मॅक्रोचा हिशेब असा, की एकास एक प्रमाणात, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच सेन्सरवर उमटते तेव्हा, फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या अख्ख्या चौकटीत ३६ बाय २४ मिलिमीटर एवढंच जग मावतं. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड, एफ ८ इतकं बारीक ठेवलं तरी त्यातली स्वच्छ दिसणारी खोली जेमतेम १ मिलिमीटर. थेंबाची कड त्या मिलिमीटरात आणायची, श्वास धरायचा आणि २ सेकंदांचा टायमर लावायचा, कारण बटण दाबणाऱ्या बोटानंसुद्धा कॅमेरा हलतो. आमच्याकडं ते २ सेकंद आईनं चहा घेऊन वर येण्यासाठी राखून ठेवलेत.

मांडणी सोपी. स्वयंपाकघरातले दोन उंच डबे, त्यांवर काचेचं भांडं, खाली बायकोची लाल-पिवळी बांधणीची ओढणी आणि गणपतीतली एलईडीची माळ. मधे अंतर पाहिजेच, नाहीतर खालचे रंग विरघळत नाहीत, ओढणी ओढणीच दिसते. माळेच्या बटणात आठ तऱ्हा: पळणारी, धापा टाकणारी, उगाच भांडण उकरून काढणारी. नुसती गप जळायची तऱ्हा सगळ्यात शेवटी, आणि बटण एकदा जास्त दाबलं गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

"गोडंतेल पाण्यात ओतायलायस?" आईनं विचारलं.

"चार थेंब गं."

"आणि त्यात साबण?"

भांडी घासायच्या साबणाचा एक टिपूस लागतो; त्यानं थेंब आटोपशीर राहतात. पण हे आईला कोण सांगणार? तिच्या मते उजेडाचं खरं काम अंबाबाईच्या किरणोत्सवात. मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत आपापली येतात. "वायर न्हाई, माळ न्हाई, तेलाची नासाडी न्हाई."

तेवढ्यात शेजारचे काका. बाबुराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात देशी कॅमेरा तयार केला, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभही आहे. तेव्हापासून कोल्हापुरात फोटोग्राफीवर सल्ला द्यायला जवळ कॅमेरा असावा लागत नाही. काका भांड्यावर वाकले, "उजेड कमी पडायलाय बघ" म्हणाले आणि ट्यूब लावली. रंग गेले. थेंबात आता फक्त ट्यूब होती आणि ट्यूबशेजारी काका.

त्यांना चहाबरोबर खाली धाडलं. मग शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल संघ जिंकला. असा संघ जिंकला की पोरं गाड्यांची सायलेन्सरं काढून गल्लीगल्लीत फिरतात, आणि फिरलीच पाहिजेत, आनंदाला सायलेन्सर कशाला? फक्त पाण्यावर बारीक शिरशिरी उठली, जवळजवळचे दोन थेंब एकमेकांना चिकटले आणि गडप होऊन एक झाले.

पण तो एक काय झाला होता! कडेला काजळाची बारीक रेघ, आत ओढणीचे ठिपके चक्क उलटे. डावीकडचं पिवळं उजवीकडं, लाल त्याच्यासमोर. तेलाचा थेंब स्वतःच भिंग होऊन बसतो ना. माळेचा एक दिवा बरोब्बर मधोमध पेटलेला. मी श्वास धरला, टायमर लावला.

"चटणीचा डबा दे वर ठेवलेला!" खालून आई. "मटण टाकलंय!"

कपबश्या किणकिणायला लागल्या. ती पहिल्या पायरीवर, टायमर १ वर, मी काहीच न करण्याचा आटोकाट प्रयत्न करत होतो. खट्. फोटो मिळाला आणि पुढच्या क्षणी डबा गेला, त्याच्यासकट भांड्याचा तोलही. ओढणीचं काय झालं ते बायको अजून सांगत असते.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. लाल-पिवळे झळाळते गोळे, मागे केशरी धुकं. मामांचं उत्तर पहिलं: "कट झकास आलाय. मटण कुठलं?"

मी सविस्तर लिहिलं. थेंबाचं भिंग, प्रकाशाचं वाकणं, माळ, बांधणी, सगळं. मामांना टाइप करायला बराच वेळ लागला.

"आसू दे. आता पांढऱ्याचा पण एक काढ."