गाईड डॉग माणसाला ‘घेऊन जात’ नाही

लॅब्राडोरच्या गोड फोटोसह एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय. परदेशात म्हणे अंध माणूस आपल्या गाईड डॉगला, म्हणजे अंधांबरोबर चालायला शिकवलेल्या कुत्र्याला, नुसतं ‘बँकेत चल’ म्हणतो. मग कुत्रा सिग्नलचा रंग बघून रस्ता ओलांडतो, ‘माणसाला काहीच करावं लागत नाही’. खाली सल्ला: घरात कुणाची दृष्टी गेली असेल, तर लॅब्राडोर आणून शिकवा. पाठवणाऱ्यांचं मन चांगलं आहे. मजकूर मात्र चुकीचा आहे.

आधी सिग्नल. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. कधी निघायचं ते माणूसच ठरवतो, गाड्यांचे आवाज ऐकून. पण त्याने ‘चल’ म्हटलं आणि गाडी अंगावर येत असेल, तर कुत्रा जागचा हलत नाही. हुकूम कधी मोडायचा, हे त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं.

‘काहीच करावं लागत नाही’ हे मात्र मला फार खटकतं. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो: किती चौक गेले, कुठे डावीकडे वळायचं. कुत्रा पायरीपाशी थांबतो, खांब चुकवतो, डोक्याला लागेल अशी फांदी टाळतो. हार्नेसची, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांची, दांडी ताठ असते, त्यामुळे तो जरासा बाजूला सरकला तरी माणसाच्या डाव्या हाताला लगेच समजतं. चालणं दोघांचं असतं.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँकचे दोन्ही डोळे वेगवेगळ्या अपघातांत गेले, दुसरा सोळाव्या वर्षी. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला निघाला, तेव्हा बोटीवर त्याला जवळजवळ पार्सलसारखं नेलं. केबिनला बाहेरून कुलूप लावत. घरीही केस कापायला कुणीतरी नेऊन बसवायचं आणि न्यायला येईपर्यंत तो तिथेच बसायचा. स्वित्झर्लंडमध्ये बडी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीबरोबर तो चालायला शिकला आणि एके दिवशी केस कापून एकटा परत आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर त्याने ट्रकांनी गजबजलेली वेस्ट स्ट्रीट ओलांडली. बडी थांबली, मागे सरकली, पुन्हा निघाली. पलीकडे पोचल्यावर त्याने स्वित्झर्लंडला एका शब्दाची तार केली: यश. १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही गाईड डॉग शिकवणारी संस्था उभी राहिली.

राहिला ‘आणून शिकवा’ हा सल्ला. पिल्लू आधी वर्षभर एखाद्या घरात वाढतं, मग काही महिने प्रशिक्षकाकडे शिकतं, मग त्या माणसाबरोबर जोडी जमवली जाते. कितीतरी कुत्री मध्येच गळतात. शिवाय आपल्याकडे फूटपाथ मधेच संपतो, भटकी कुत्री अंगावर येतात. घरी शिकवलेला लॅब्राडोर तिथे काय करणार? तुमच्या घरात कुणाची दृष्टी गेली असेल, तर आधी पांढऱ्या काठीने चालायचं शिक्षण शोधा. गाईड डॉग देणाऱ्या शाळाही सहसा हेच विचारतात: एकट्याने कुठवर जाता येतं?

आणि परदेशात कधी अशी जोडी दिसली, तर कुत्र्याला चुचकारू नका, हार्नेसला हात लावू नका. काही विचारायचं असेल तर माणसाला विचारा.